आलोन-बाखूतचा दुसरा अर्थ

पप्पा, आलोन-बाखूतचा अर्थ तुम्ही मला अर्धाच सांगितला होता. उरलेला अर्धा कळायला मला बावीस वर्षं लागली, आणि तो कळल्यावर मी तुम्हाला जे बोलले त्यालाही आता तितकीच वर्षं होत आली. या आठवड्याच्या शास्त्राच्या वाचनात ते नाव असलेलं वाक्य पुन्हा आलं. दर वर्षी येतंच, दिवाळी उलटून गेल्यावर, पुण्यात सकाळी स्वेटर लागायला लागतो त्या सुमारास. सिनेगॉगमध्ये आम्ही मोजून चौदा माणसं होतो. वाचणाऱ्या काकांनी ते वाक्य एका दमात वाचून टाकलं, कारण तसं त्यात थांबण्यासारखं काही नाही. रिबकेची दाई दबोरा मरण पावते, बेथेलच्या खालच्या अंगाला एका झाडाखाली तिला पुरतात, आणि त्या झाडाला आलोन-बाखूत म्हणू लागतात. आलोन म्हणजे झाड, बाखूत म्हणजे रडणं. रडण्याचं झाड. पुढचं वाक्य लगेच दुसऱ्याच विषयाचं. सगळे पुढे गेले. मी तिथेच थांबले, आणि घरी येऊन हे लिहायला बसले.

तुम्हाला गावांच्या नावांचं वेड होतं. पाटबंधाऱ्याच्या कचेरीत तुम्ही नकाशे काढायचात, आणि कालव्याच्या नकाशावर शेतांची, माळांची, ओढ्यांची नावं लिहिण्याचं काम तुम्ही कुणाला देत नसायचात. शनिवारी प्रार्थना, रविवारी शिकवणी, म्हणून सुट्टीचा एखादा मधला दिवस मिळाला की तुम्ही मला खडकवासल्याच्या बसमध्ये बसवायचात. मी नऊ-दहा वर्षांची. आपण कालव्याच्या कडेकडेने चालतोय, तुमच्या पिशवीत वही, पेन्सिल आणि पोळीचा डबा. वाटेत गुरं घेऊन चाललेल्या म्हाताऱ्याला तुम्ही थांबवून विचारता, "या तुकड्याला काय म्हणता तुम्ही?" तो म्हणतो, "ह्यो व्हय? सुनेचा माळ हाय ह्यो." तुम्ही विचारता, कुठल्या सुनेचा? तो म्हणतो, "त्ये काय ठावं न्हाई. कुणाची तरी आसंल." तुम्ही ते तसंच वहीत लिहून घेता आणि मला सांगता, "बघ, सून विसरली गेली, माळ राहिला. आपल्या शास्त्रातली नावंही अशीच. कुणीतरी तिथे भांडलं, कुणाला पाणी लागलं, कुणी मेलं. मग नाव पडलं." त्या वहीत एका बाजूने खडकवासल्याची नावं होती आणि वही उलटी केली की दुसऱ्या बाजूने हिब्रू. मला लहानपणी वाटायचं की ती दोन्हीकडची गावं एकाच कालव्यावर आहेत.

आई इस्रायलला गेली तेव्हा मी पाच वर्षांची होते आणि भाऊ एक वर्षाचा. आजोबा तिकडे आजारी होते. तिने भावाला घेऊन पुढे जायचं आणि वर्षभरात तुम्ही मला घेऊन मागून यायचं, असं ठरलं होतं. ते वर्ष कधी आलंच नाही. आधी तुमच्या आईचं आजारपण होतं, मग नोकरीचं कायम होणं, मग कागदपत्रं. मग काहीच कारण सांगायचं राहिलं नाही. आईची निळी पत्रं यायची, तुमच्या नावाने. शेवटी एक ओळ माझ्यासाठी असायची, ती तुम्ही वाचून दाखवायचात. अभ्यास कर, केस नीट विंचरत जा. मला तिचा चेहरा फोटोतलाच आठवतो. आवाज आठवत नाही.

मला वाढवलं ते आपल्याकडे कामाला येणाऱ्या मावशीने. ती शेजारच्या गल्लीत बहिणीच्या घरी राहायची. नवरा गेलेला, मूल नाही. सकाळी सातला यायची, संध्याकाळी तुम्ही कचेरीतून आल्यावर जायची. चौदा एप्रिलच्या जयंतीला पांढरी साडी नेसून निघायची आणि जाताना मला हाताला धरून न्यायची, आणि तिकडच्या बायकांनी विचारलं तर सांगायची, "माझीच हाय." तुम्ही तिला ताई म्हणायचात, ती तुम्हाला मास्तर. रविवारी रास्ता पेठेतल्या आपल्या दोन खोल्यांत सहा-सात मुलं हिब्रू शिकायला यायची, स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती, आणि ती ओट्याशी कणीक तिंबत सगळं ऐकत असायची. अक्षरं तिला माझ्या आधी यायला लागली. घशातला तो ख आम्हा मुलांना जमत नव्हता, तेव्हा तिने ओट्यापासूनच विचारलं होतं, "मास्तर, ह्यो ख म्हंजे घशात मिरची आडकल्यावर निघतो त्योच ना?" तुम्ही म्हणालात, "अगदी तोच, ताई." त्यानंतर सगळ्यांना जमला.

एकदा कुठल्या तरी गावाच्या नावात एलोन हा शब्द आला. मी विचारलं, हे कुठलं झाड? तुम्ही म्हणालात, ओकसारखं काहीतरी, पण नक्की कुणालाच माहीत नाही, मूळ अक्षरं तीच राहतात आणि खालच्या स्वरांच्या टिंबांनी झाड बदलतं. मावशी म्हणाली, "मग वड म्हना की. सावली दिली म्हंजे झालं." मला ते फार पटलं आणि मी वहीत वड असं लिहिलं. तुम्ही वही तपासताना त्यावर थांबलात. तुम्ही ओरडत नसायचात, तुमचा आवाज उलट खाली जायचा. म्हणालात, "माहीत नसेल तिथे जागा मोकळी सोडायची. सोयीचं काहीतरी भरायचं नाही. पुढचा माणूस तेच खरं समजतो." मी वड खोडला. त्या दिवशी मावशीने तुम्हाला चहा जरा उशिराच दिला.

मी सोळा वर्षांची असताना मावशी गेली. कावीळ झाली होती. आधी अंगावर काढली, मग सरकारी दवाखान्यात नऊ दिवस. शेवटच्या दिवशी दुपारी शाळेतून मी थेट तिथे गेले, तर तुम्ही व्हरांड्यात बाकावर बसलेले होतात, कचेरीच्या वेळेला, आणि मला बघून उठलाही नाहीत. स्मशानात तिचे सगळे लोक पांढऱ्या कपड्यांत होते. वंदना झाली. तुम्ही एका बाजूला टोपी घालून उभे होतात, आणि मग तुम्ही रडायला लागलात. मी तुम्हाला कधी रडताना पाहिलं नव्हतं. आवाज करून, तोंडावर हात न घेता, लहान मूल रडतं तसे तुम्ही रडत होतात. तिच्या बहिणीने मान वळवून पाहिलं. मी मावशीसाठी रडत होते आणि तुमचं रडणं बघून मला लाज वाटत होती, हेही खरं आहे.

घरी आल्यावर तुम्ही शर्टाची कॉलर फाडलीत आणि जमिनीवर बसलात. सात दिवस. दाढी नाही, चप्पल नाही, कचेरी नाही. आपल्यात हे आई-बाप, नवरा-बायको, भावंडं, मुलं यांच्यासाठीच करतात, हे आपल्या सगळ्या लोकांना माहीत होतं. बायका डबे घेऊन यायच्या आणि जिन्यात उभ्या राहून कुजबुजायच्या. एकीने मला सरळच विचारलं, "काय गं, कामवालीसाठी कुणी असं बसतं का? काही होतं की काय?" चौथ्या दिवशी मावशीची बहीण आली. दारातच उभी राहिली. म्हणाली, "मास्तर, आमची बहीण अकरा वर्षं या घरात मान वर करून आली. आता तुम्ही असं बसल्यावर लोकांनी काय समजायचं?" तुम्ही जमिनीवरून तिच्याकडे बघत म्हणालात, "ते समजतात तसं काहीही नाही, ताई. पण मला उठता येत नाही." ती तशीच निघून गेली. तिच्या गल्लीतून जाताना पुढे कित्येक वर्षं मी मान खाली घालून जायचे. मावशीच्या नावाला जे चिकटलं ते कुणी पुसलं नाही. एका वाक्याने पुसता आलं असतं, हे तेव्हा फक्त तुम्हाला माहीत होतं.

पुढच्या रविवारी मुलं आली. आमचा धडा दुसराच चालू होता, पण तुम्ही तो बाजूला ठेवलात आणि पाटीवर आलोन-बाखूत लिहिलंत. बाखूत हा शब्द या रूपात दुसरीकडे कुठेच भेटत नाही, म्हणालात, तो फक्त या झाडासाठी झाला. दबोरा म्हणजे मधमाशी. रिबका लग्न होऊन निघाली तेव्हा माहेराहून तिच्यासोबत आलेली दाई, पुढे म्हातारी होऊन रिबकेच्या मुलाच्या, याकोबाच्या तांड्याबरोबर रस्त्यात मेली. "राजांची मरणं लिहायला जागा पुरत नाही त्या ग्रंथात," तुम्ही म्हणालात, "पण एका दाईसाठी वाक्य ठेवलंय आणि झाडाला नाव दिलंय." मी ओट्याकडे पाठ करून बसले होते, कारण तिकडे बघवत नव्हतं. मग मी विचारलं, "आणि रिबका? ती कधी मेली?" तुम्ही म्हणालात, "ते लिहिलेलं नाही." मी म्हटलं, "याकोबाची आई ना ती? मग का नाही लिहिलं?" तुम्ही फडक्याने पाटी पुसलीत. "आजचा धडा संपला," म्हणालात. वीस मिनिटंही झाली नव्हती.

बारावीचा निकाल लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही मला समोर बसवून सांगितलंत की आई गेली, तिकडून कळवलंय. मी विचारलं, कधी? तुम्ही म्हणालात, झाले बरेच दिवस. मग समजावून सांगितलंत की मरणाची बातमी महिना उलटून गेल्यावर पोचली, तर सात दिवस बसायचं नसतं, एक तास पुरतो. मी जमिनीवर बसले. तुम्ही समोरच्या खुर्चीत बसलात. भिंतीवरच्या घड्याळात साडेदहा ते साडेअकरा. मला रडू आलं नाही. मी फोटोतला चेहरा आठवत राहिले आणि मधेच अॅडमिशनच्या फॉर्मचा विचार आला. साडेअकराला तुम्ही म्हणालात, "ऊठ." मी उठले, आणि आईसाठीचं माझं सगळं तेवढ्यात झालं.

मग मी शिकले, कर्वेनगरच्या एका मुलींच्या शाळेत मराठी शिकवायला लागले, लग्न झालं, तिकडेच घर घेतलं. तुम्ही रास्ता पेठेतच राहिलात. भाऊ पहिल्यांदा आला तेव्हा मी अडतीस वर्षांची होते. तो तिकडेच वाढलेला, उंच, तुमचंच कपाळ, आणि मराठी आईकडून ऐकलेली, जुन्या वळणाची. "मज पाणी द्याल काय?" असं तो मला म्हणाला, आणि मी हसले, आणि मग मला कळलं की आई अशी बोलत असणार. आपण तिघं स्वयंपाकघरात बसलो होतो. मी पोहे केले होते. तो आईबद्दल सांगत होता, तिचा आजार, आठ महिने अंथरुणाला खिळलेली. म्हणाला, "तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. मामाने लगेच पप्पांना पत्र धाडलं." मी हिशेब केला. तो बारा, म्हणजे मी सोळा. मी त्याला महिना विचारला. त्याने हिब्रू महिना सांगितला, मावशी गेली त्याच सुमाराचा.

मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही बशीतले पोहे चमच्याने एका बाजूला सारत होतात.

"पत्र कधी आलं?" मी विचारलं.

"ताई गेली त्या दिवशी. सकाळी आलं. मी ते वाचून दवाखान्यात गेलो. दुपारी ती गेली."

भाऊ आपल्या दोघांकडे बघत होता. त्याला मराठी कळत होती, पण काय चाललंय ते कळत नव्हतं. तुम्ही त्याच्याकडे न बघता बोलत राहिलात, तुमचा आवाज खाली गेला होता. "आलोन-बाखूतचा आणखी एक अर्थ आहे. जुन्या रब्बींनी सांगितलेला. त्यांनी तो आलोन शब्द ग्रीकमधला धरला. ग्रीकमध्ये आलोन म्हणजे दुसरा. दुसरं रडणं. याकोब दाईसाठी रडत होता तेव्हाच त्याला आई गेल्याची बातमी आली, म्हणतात. म्हणून रिबकेचं मरण वेगळं लिहिलेलं नाही. ते त्या झाडाखालीच आहे. भाषेच्या दृष्टीने हे चूक आहे. हिब्रू वाक्यात ग्रीक शब्द कुठून येणार? म्हणून मी तो कधी शिकवला नाही."

"म्हणून नाही," मी म्हटलं.

"नाही. म्हणून नाही." तुम्ही चमचा खाली ठेवलात. "आठ महिने तुझी आई तुला बोलावत होती. प्रत्येक पत्रात. एकदा बघू दे, म्हणायची. तिकिटाचीही सोय तिच्या भावाने केली होती. मी तुला सांगितलं नाही. गेलीस तर तू परत येणार नाहीस, असं मला वाटलं. आणि मग ती गेलीच. तुला काय सांगणार होतो?"

मी काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं, आणि तुम्हालाही शेवटपर्यंत आठवत असणार. मी म्हटलं, "तुम्ही सात दिवस बसलात, आणि मला एक तास दिलात. मावशीच्या आड लपून बसलात. तिची बहीण दारात उभी होती, तिलासुद्धा तुम्ही खरं सांगितलं नाही. मला शिकवत होतात, माहीत नसेल तिथे जागा मोकळी सोडायची. तुम्हाला तर माहीत होतं." तुम्ही म्हणालात, "हो." एवढंच. मग तुम्ही म्हणालात, "मी ताईसाठीही रडत होतो. ते खोटं नव्हतं." मी पर्स उचलली आणि भावाला तिथेच ठेवून निघून आले. दुसऱ्या दिवशी एक काम मात्र केलं. मावशीच्या बहिणीकडे गेले. ती फार म्हातारी झाली होती. तिला सगळं सांगितलं, तुम्ही कुणासाठी बसला होतात ते. मग म्हणाली, "आता सांगून काय? ऐकणारे सगळे गेले." आणि थोड्या वेळाने, "पण बरं केलंस."

चार महिने मी तुमच्याकडे आले नाही. तुमचा फोन आला की दोन वाक्यं बोलायचे. मग एक दिवस शाळेतून घरी आले तर रजिस्टर पोस्टाने एक पाकीट आलेलं. रास्ता पेठेतून कर्वेनगरला, रिक्षाने अर्धा तास, आणि तुम्ही पोस्टाने पाठवलंत. आत तुमची नावांची वही होती. हिब्रूच्या बाजूने उघडली. आलोन-बाखूतपुढे तुमच्या बारीक नकाशातल्या अक्षरात लिहिलं होतं: रडण्याचं झाड. त्याखाली नव्या शाईत: दुसरं रडणं, व्युत्पत्ती चूक, अर्थ बरोबर. आणि त्याखाली आईच्या मृत्यूची तारीख, हिब्रू आणि इंग्रजी, दोन्ही. संध्याकाळी तुमचा फोन आला. "पोचलं का?" मी म्हटलं, "पोचलं." तुम्ही थोडा वेळ फोन धरून होतात. मलाही काहीतरी म्हणायचं होतं. मग तुम्ही म्हणालात, "बरं," आणि ठेवलात. दोन महिन्यांनी तुम्ही झोपेतच गेलात. भावाला वेळेत पोचता आलं नाही.

इतक्या वर्षांनी मला तुमचा राग येत नाही, पप्पा. तुमची आठवण येते ती त्या कालव्याच्या कडेची, पिशवी सांभाळत माझ्या पुढे चार पावलं चालणाऱ्या माणसाची. आता त्या बाजूला सगळ्या सोसायट्या झाल्या, नावं सगळी इंग्रजी, कुणालाच विचारता येत नाही. तुम्ही मला पाठवलं असतंत तर मी परत आले असते का, हे मी स्वतःला अनेकदा विचारलंय. खरं उत्तर असं की मला माहीत नाही. सोळा वर्षांच्या मुलीला आई मिळाली असती. तुम्ही घाबरलात ते उगाच घाबरला नव्हतात.

एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. तुमच्यासाठी मी सात दिवस बसले नाही. तीन दिवस बसले, आणि चौथ्या दिवशी शाळेत परीक्षा तोंडावर आहे असं सांगून कामावर गेले. नववीचा वर्ग होता. फळ्यावर समास सोडवत होते. एका मुलीने मागच्या बाकावरून काहीतरी विचारलं, अगदी साधं, आणि मला उत्तर देता येईना. मी खडू ठेवला आणि रडायला लागले. आवाज करून, तोंडावर हात न घेता. पहिल्या बाकावरच्या दोघी उठून आल्या, एकीने आपली पाण्याची बाटली माझ्या हातात दिली आणि हळूच विचारलं, "बाई, कोण गेलं?"

मी म्हटलं, "माझी आई."